लहान खोली आणि फळीवरचा ध्वनिक्षेपक

घरांत गायन-वादन ऐकण्याचें साधन आणावयाचें ठरलें, कीं बहुतेक गृहस्थ प्रथम दुकानाची वाट धरतात. तेथील प्रशस्त दालनांत मोठ्या पेटीचा गंभीर नाद ऐकून मन प्रसन्न होतें आणि ती पेटी घरीं येते. चार दिवसांनीं मात्र डग्गा नुसता घुमूं लागतो, निवेदकाचे शब्द त्या घुमण्यांत बुडतात, आणि दोष यंत्राचा कीं कानाचा असा वाद सुरू होतो. पुष्कळदां दोष दोहोंचाही नसतो. खोली आणि ध्वनिक्षेपक, म्हणजे नित्याच्या बोलण्यांतला स्पीकर, यांची जोडी जमलेली नसते.

ध्वनि हवेंतून सेकंदाला सुमारें १,१२५ फूट जातो. दहा फूट लांबीच्या खोलींत समोरासमोरच्या भिंतींमध्यें सेकंदाला सुमारें ५६ आंदोलनांचा स्वर, तसेच त्याच्या दुपटीचे व तिपटीचे स्वर, विशेष बळ धरतात. लांबी, रुंदी व उंची सारखीच असेल, तर तिन्ही दिशांचा जोर त्याच स्वरांवर पडतो. त्यांत पेटी भिंतीपाशीं आली म्हणजे खर्ज आणखी वाढतो. मोकळ्या जागेच्या मानानें ही वाढ ६ डेसिबलपर्यंत जाते. कोपऱ्यांत ती त्याहूनही अधिक होते. म्हणून फळीवरच्या ध्वनिक्षेपकाचा स्वतःचा खर्ज बेताचा असला तरी चालतो. उरलेला भिंत पुरविते.

लहान पेटी म्हणजे हलकी पेटी, ही समजूत निराधार आहे. १९५४ सालीं अमेरिकेंत एडगर विल्चर व हेन्री क्लॉस यांनीं अकूस्टिक रिसर्च ही कंपनी स्थापन केली. बंद पेटींत कोंडलेल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग केल्यास लहान पेटींतूनही शुद्ध खर्ज मिळतो, हें विल्चर यांच्या रचनेनें दाखवून दिलें. पुढें १९७० नंतरच्या दशकांत बी. बी. सी.च्या अभियंत्यांनीं, बाहेरचे कार्यक्रम ध्वनिक्षेपित करणाऱ्या गाड्यांतील चिंचोळ्या जागेसाठीं, एल. एस. ३/५ ए हा ध्वनिक्षेपक तयार केला. त्याची पेटी बंद असून ती सुमारें १२ इंच उंच व साडेसात इंच रुंद होती. अतिखोल खर्जाचा मोह सोडून मनुष्यवाणी स्वच्छ उमटावी, हें धोरण त्यांत होतें. लहान खोलीच्या गृहस्थालाही तेंच धोरण हिताचें आहे.

याला कौटुंबिक कारणही आहे. एकाच खोलींत नातू गाणें ऐकतो आणि आजोबा बातम्या ऐकतात. वयोमानानें कानाची उंच स्वर टिपण्याची शक्ति प्रथम कमी होते, आणि स, श, त, क यांसारखीं व्यंजनें बव्हंशीं त्याच स्वरांवर ओळखूं येतात. घुमणारा खर्ज तीं झांकून टाकतो. मग आजोबा आवाज वाढवितात, तसा खर्जही वाढतो, शब्द कळत नाहींत ते नाहींतच, आणि शेजारी मात्र भिंतीवर थाप मारतात. वृद्ध मनुष्य हळूहळू ऐकण्याच्या आनंदांतून बाहेर पडतो. योग्य पेटी निवडणें म्हणजे त्याला घरच्या मंडळींत बसवून ठेवणेंच होय.

निवडीपूर्वीं फळीची खोली मोजावी. पेटीच्या मागें तारा जोडण्यास निदान दोन इंच जागा लागते. कांहीं पेट्यांना खर्ज वाढविण्यासाठीं भोंक ठेवलेलें असतें. तें मागील बाजूस असेल, तर बंदिस्त फळीवर अशी पेटी सहसा घेऊं नये. सर्व बाजूंनीं बंद किंवा पुढें भोंक असलेली पेटी येथें अधिक बरी. पेटीचें तोंड फळीच्या कडेशीं जुळवावें, खालीं रबराच्या जाड चकत्या घालाव्यात आणि बाजूच्या मोकळ्या जागेंत पुस्तकें भरावींत. उंच स्वरांचा लहान पडदा बसलेल्या माणसाच्या कानाच्या पातळीस यावा. दोन पेट्यांमधील अंतर आणि त्यांच्यापासून ऐकणाऱ्याचें अंतर हीं शक्यतों सारखीं असावींत.

परीक्षा घरींच घ्यावी. दुकानदाराकडून दोन दिवसांच्या बोलीनें पेटी आणतां आल्यास उत्तम. प्रथम परिचित निवेदकाचा आवाज लावावा. तो छातींतून घुमल्यासारखा किंवा नाकांतून आल्यासारखा वाटतां कामा नये. नंतर तंबोरा व डग्गा असलेलें ख्यालगायन ऐकावें. दोहोंचे नाद निरनिराळे ओळखूं आले पाहिजेत. आवाज हळू ठेवून घरांतील सर्वांत वृद्ध माणसाला शब्द विचारावेत. त्याला ते न अडखळतां सांगतां आले, तर पेटी खुशाल ठेवून घ्यावी.