तोल सांभाळणारे पाय

श्रोतेहो, उतारवयात तोल का जातो, यावर बोला, असं रेडिओ केंद्रानं सांगितलं. पण तो जातो का, हे कळायला आधी राहतो कसा ते बघू. माणूस उभा असतो तेव्हा स्थिर नसतो, बारीकसा डुलत असतो. अंगाचा भार घोट्यांच्या किंचित पुढे पडतो, आणि पोटऱ्या आपल्याला मागे ओढून धरतात. झुकणं, ओढणं, पुन्हा झुकणं. देवळाच्या रांगेत नुसतं उभं राहूनही पोटऱ्या भरून येतात, त्या यामुळेच.

आता, किती झुकलो हे सांगणारे तिघं: डोळे, कानाचा आतला भाग आणि पाय. डोळ्यांचं कौतुक सगळेच करतात. मी पायांच्या बाजूचा! तळव्याच्या कातडीला दाब कळतो. भार टाचेवर आहे की चवड्यावर, अंगठ्याकडे की करंगळीकडे. घोट्याभोवतीच्या स्नायूंना ताण कळतो. वय वाढतं तशी ही जाण बोथट होते, आणि पावलांत आधी होते. मधुमेह असला तर जास्तच. "डॉक्टर, गादीवरून चालल्यासारखं वाटतं," असं पेशंट सांगतात.

मग भिस्त डोळ्यांवर येते. पुन्हा सांगतो, पायांकडून खबर येईनाशी झाली की भिस्त डोळ्यांवर. म्हणून दिवसा तुरुतुरु चालणाऱ्या आजी रात्री दिवा न लावता उठल्या की भिंत चाचपतात. मोरीत तोंडाला साबण लावून डोळे मिटले की हात नळाकडे जातो, तोही त्यामुळेच. बर्लिनच्या रोंबर्ग या 19व्या शतकातल्या डॉक्टरांच्या नावाची तपासणी हेच बघते: पाय जुळवून उभं राहायचं आणि डोळे मिटायचे. घरी एकट्यानं करून बघू नका हं. तपासणारा शेजारी हात पसरून उभा असतो.

आणखी एक. तरुणपणी तोल सांभाळायला लक्ष द्यावं लागत नाही, म्हातारपणी लागतं. स्वीडनमधल्या संशोधकांनी 1997 साली नोंदवलं, की चालताना कुणी बोललं तर उत्तर द्यायला थांबणारी वृद्ध माणसं पुढच्या काही महिन्यांत जास्त पडली. तेव्हा आजोबा जिना उतरत असताना खालून "आजोबा, फोन!" म्हणून ओरडू नका. उतरू द्या त्यांना.

आणि सुनांनो, मुलांनो, रागावतो आहे असं समजा हवं तर. गुळगुळीत फरशीवरची ती सरकणारी पायपुसणी आधी उचला. टाच मोकळी राहणाऱ्या सपाता टाका. आणि "तुम्ही बसा, पाणी मी आणते" हे जरा कमी करा. माया कळते, पण बसून बसून पोटऱ्यांची ताकद जाते, आणि ओढून धरायचं काम कुणाचं? पोटऱ्यांचं. मघाशी सांगितलंच.

कानाचं राहिलंच की! काचेपलीकडून खूण झाली आहे. एवढंच सांगतो: कूस बदलल्यावर खोली गरगरली, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. पुष्कळदा कानातले बारीक कण जागा सोडून सरकलेले असतात, आणि डॉक्टर डोकं ठराविक तऱ्हेनं वळवून ते जागेवर नेतात.

व्यायाम विचाराल, तर ओट्याला दोन्ही हातांनी धरून टाचा उचला, सावकाश टेका. गुडघ्यानं परवानगी दिली तर एका पायावरही उभे राहा, पण ओटा सोडू नका.