संगणकांतील दळणवळण आणि पावसाचा अंदाज

भोपाळपासून सुमारे ५० किलोमीटरवर, सीहोर जिल्ह्यातील सिलखेडा येथे, ढग व पर्जन्य यांच्या अभ्यासाचे केंद्र मार्च २०२४ मध्ये सुरू झाले. ते पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे आहे. याच संस्थेतील ‘अर्क’ या महासंगणकावर २०२५ पासून ६ किलोमीटरच्या चौकोनांचा अंदाज तयार होऊ लागला. पूर्वी चौकोन १२ किलोमीटरचा होता. सोयाबीन पेरणाऱ्या माळव्यातील शेतकऱ्यास या फरकाचे मोल सांगावयास नको.

परंतु चौकोनाची बाजू निम्मी झाली की चौकोन चौपट होतात, गणिताची पावलेही दुप्पट टाकावी लागतात. काम जवळजवळ आठपट वाढते. मग प्रोसेसर वाढवावेत, असे कोणासही वाटेल. येथेच खरी अडचण आहे.

तलाठ्याकडे, इकडील पटवाऱ्याकडे, जसा एकेक सजा असतो, तसा प्रत्येक प्रोसेसरकडे नकाशाचा एक तुकडा असतो. वारा सजाची हद्द मानीत नाही. म्हणून प्रत्येक पावलाला शेजाऱ्याकडून हद्दीवरील आकडे मागवावे लागतात, आणि ते येईपर्यंत प्रोसेसर रिकामा बसतो. शंभर बाय शंभर चौकोनांच्या तुकड्यात हद्दीवरचे चौकोन सुमारे ४ टक्के असतात. पन्नास बाय पन्नासमध्ये ते ८ टक्के होतात. वाटेकरी वाढले की निरोपांचा भार असा वाढतो.

तारेची जाहीर गती पूर्णपणे हाती लागत नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ मध्ये डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ सिद्ध केला. त्यातील ट्रान्सप्युटर चिपांचे दुवे सेकंदास २ कोटी बिटांपर्यंत वाहून नेत. हिशेबाने २५ लाख अक्षरे जावयास हवीत. प्रत्यक्षात आठ बिटांच्या प्रत्येक अक्षरासोबत आरंभ-अखेरीच्या खुणांचे तीन बिट जात. उरे ती सुमारे १८ लाख अक्षरांची मर्यादा. याशिवाय पोच मिळण्यास लागणारा वेळ, स्मृतीतून आकडे उचलण्याची गती आणि एकाच वाटेवर झालेली गर्दी. निरोप फार लहान असले तर निघण्याच्या तयारीतच वेळ सरतो. म्हणून ते एकत्र बांधून पाठविणे हिताचे ठरते.

हे जाळे देशातच घडविण्याचे प्रयत्न सी-डॅकने ‘परमनेट’पासून केले असून ‘त्रिनेत्र’ हे त्यापुढील पाऊल होय.