दुर्बीण आणि तिची बैठक

अमेरिकेत १९६४ साली रुगर १०/२२ ही अर्धस्वयंचलित रायफल निघाली. एक गोळी सुटली की पुढची आपोआप नळीत चढते. मात्र चाप पुन्हा ओढावा लागतो. तिच्यावर नेमबाजी शिकणारा नवखा माणूस सारे पैसे मोठ्या दुर्बिणीवर घालतो आणि बैठक स्वस्तातली घेतो. इथंच तो फसतो, बरं का!

हिशेब पाहा. दुर्बीण धरणाऱ्या दोन कड्यांत १० सेंटिमीटर अंतर आहे. त्यातलं एक कडं ०.१ मिलिमीटर जरी सरकलं, तरी ५० मीटरवर नेम ५ सेंटिमीटर चुकतो. आणि ऑलिंपिकमधल्या ५० मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ असतं अवघं १०.४ मिलिमीटर व्यासाचं!

आता दुर्बीण. वर्गातलं घड्याळ कडेच्या बाकावरून पाहिलं, तर काटा पुढेमागे दिसतो. तसाच डोळा हलला की दुर्बिणीतली फुली लक्ष्यावरून सरकते. ज्या अंतरावर सराव करायचा, त्या अंतराला जुळवलेली दुर्बीण घेतली म्हणजे हा दोष उरत नाही.

आधी रायफल रिकामी आहे ना, हे पाहावं. मग बैठकीचे स्क्रू सारख्या जोरानं आवळावेत. नेम चुकला की माणूस हाताला दोष देतो. त्यानं आधी स्क्रू तपासावेत.