आमटी तीच, भात अर्धा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सभासदांसमोर केलेले भाषण)



‘मधुमेह आणि रोजचं जेवण’ हा विषय मला दिलाय. मी डॉक्टर नाही, बँकेतला माणूस. पण साखरेचं खातं गेली अठरा वर्षं सांभाळतोय, त्या अधिकाराने बोलतो.

आधी आकडे. आयसीएमआरचा देशभरचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. भारतात दहा कोटींहून जास्त मधुमेही. सर्वांत जास्त प्रमाण आपल्या शेजारी, गोव्यात – २६.४ टक्के. त्यांचं ताट आणि आपलं ताट फारसं वेगळं नाही, हे ध्यानात घ्या. आपल्याही सोसायटीत पंचवीस वर्षांत कोणाची नजर गेली, कोणाचा पाय. नावं घेत नाही, सर्वांना ठाऊक आहेत.

मग भात सोडायचा? मालवणात हे कोणी ऐकणार नाही, मीही सोडलेला नाही. पण हिशेब बघा. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण २८ ग्रॅम कर्बोदकं. बांगड्यात जवळजवळ शून्य, अंड्यात नाममात्र. म्हणजे साखर चढवतो तो मासा नव्हे, त्याच्याखालचा भाताचा डोंगर! म्हणून अर्ध्या ताटात भाजी, पाव ताटात मासे, अंडी किंवा उसळ, आणि उरलेल्या पाव भागात भात किंवा भाकरी. ‘किंवा’ म्हटलंय, ‘आणि’ नाही. नाचणीत तंतू जास्त, पण कर्बोदकं आहेतच. उकडे तांदूळ झाले तरी मोजूनच. आधी भाजी-मासे खावेत, भात शेवटी. साखर सावकाश चढते.

जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा मोड आलेले मूग, अंडी, टाकळ्याची भाजी आहे. कुळथाची पिठी करा, पण तिच्याबरोबर भात बेताचाच. सुकी मासळी खारट, ब्लडप्रेशरवाल्यांनी जपून. सोलकढी बिनसाखरेची. हापूस खायचा तर दोन फोडी, आणि त्या वेळी भात कमी. खाजं गुळाचं असलं तरी साखरच.

आता सर्वांत महत्त्वाचं. इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय भात एकदम कमी करू नका. जेवण अर्धं आणि डोस तोच, तर साखर धोकादायक खाली येऊ शकते. घाम सुटतो, हात थरथरतात, भोवळ येते. शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली तर तोंडात काही घालू नका, तडक दवाखाना गाठा. किडनीचा त्रास असणाऱ्यांनी मासे-डाळींचं प्रमाणही विचारून ठरवावं.

दर तीन महिन्यांनी एचबीए१सी करा. रोजची साखर म्हणजे आजची शिल्लक. ही तीन महिन्यांची सरासरी. तिथे लपवाछपवी चालत नाही.

वहिनींना एकच विनंती. ‘वायच भात घेवा’ म्हणत वाढणं हे आपलं प्रेम. ते तसंच ठेवा, फक्त डाव भाताचा नको, भाजीचा असू दे. आणि कमिटीला सूचना: पूजेला शिऱ्याबरोबर चण्याची उसळही ठेवा, म्हणजे आम्हालाही पंगतीत बसता येईल.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने यंदा एकदा साखर तपासून घ्यावी. सुवर्णमहोत्सवाला आम्ही असू-नसू, तुम्ही मात्र या व्यासपीठावर स्वतःच्या पायांनी चढायला हवं.