जुनी सायकल, घरच्या घरी

जुनी सायकल घरी कशी नीट करावी, हे सांगायला रेडिओ केंद्रानं मला बोलावलंय. आमच्या वडीगोद्रीत हा विषय गोठ्यागोठ्यात उभा आहे. कुठं आजोबांची काळी ॲटलस, कुठं सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून लेकीला आठवीत मिळालेली सायकल. लेक बारावी झाली, सायकल कडब्याआड गेली. मग भंगारवाला येतो, किलोवर नेतो. जालन्याच्या भट्ट्यांत भंगार वितळून सळई होते. घराला सळई लागते, मान्य. पण चालण्याजोगी सायकल भट्टीत घालू नका हो!

आधी रंगाचा डबा आणू नका. आधी चाक, मग रंग. हब उघडा, छर्रे परातीत काढा, डिझेलनं धुवा. एखादा जरी खरबरीत लागला तरी सगळेच बदला, फार स्वस्त मिळतात. नवं ग्रीस भरा. कोन एवढाच आवळा की चाक डुगडुगू नये आणि अडूही नये. पुढचं चाक उचलून सोडलं आणि वॉल्व्हची बाजू आपोआप खाली येऊन थांबली, की जमलं.

आता आउट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढणं. माझा जीव यात रमतो. जुन्या मोठ्या सायकलीला पुढं 32 तारा, मागं 40. निम्म्या रिमला उजवीकडं ओढतात, निम्म्या डावीकडं. गंजलेल्या निपलांना आदल्या रात्रीच तेल सोडा. सायकल उलटी ठेवा, चिमट्याला टेकवून खडू रिमजवळ धरा, चाक फिरवा. खडू लागला तिथं रिम त्या अंगाला आलीय. त्या अंगाच्या तारेचं निपल पाव फेरा सैल, पलीकडचं पाव फेरा घट्ट. पाव फेरा. पुन्हा सांगतो, पावच. पोरं एकदम पूर्ण फेरा मारतात आणि चाकाचं पार अंडं करतात. घाई नको. खडू पुसा, परत फिरवा. आधी बोटभर उठणारी रेघ वीतभर होते, मग हातभर, आणि शेवटी सगळ्या रिमवर फिकी रेघ उमटते. त्या रेघेसाठी अख्खी दुपार गेली तरी जाऊ द्या.

वेळ संपत आली. चेनला खोबरेल लावू नका, मशीनचं तेल लावा. ब्रेकची रबरं नवीच टाका. आणि डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवलं की सुटतं.