माहेरचा रस्ता आणि लाल गाडी

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

मैत्रिणींनो, कामं आटपली का? नसतील आटपली, तर हात चालू ठेवा आणि कान इकडे द्या. मी काही फार लांबण लावणार नाही.

आज मी एका गाडीची गोष्ट सांगणार आहे. मी मालवणजवळ वायरीला राहते. आमच्या बचतगटात आम्ही बाराजणी. मालवणी मसाला, कोकमाचं आगळ, कुळथाचं पीठ करतो आणि विकतो. शिवाय माझ्या घरी दोन खोल्यांचं न्याहारी-निवास आहे. मुंबई-पुण्याचे पाहुणे येतात, दोन दिवस राहतात, तारकर्लीला समुद्रात डुंबतात, सिंधुदुर्ग किल्ला बघतात आणि जातात.

गेल्या मार्गशीर्षात अशीच एक पाहुणी आली. तिशी-पस्तिशीची मुलगी, एकटीच. आणि तिची गाडी? लालभडक, दोनच दारं, दोनच माणसांना जागा, आणि जमिनीला चिकटल्यासारखी बसकी. तिला म्हणे स्पोर्ट्स कार म्हणतात. आपल्या साध्या गाडीच्या पोटाखालून कोंबडी सहज पलीकडे जाते. या गाडीखालून कोंबडीचं पिल्लू जाईल, कोंबडी नाही. वेगात वळताना गाडी रस्ता सोडू नये, म्हणून ती मुद्दाम इतकी खाली ठेवतात.

पण आमच्या पाणंदीला हे कोण सांगणार? डांबरी रस्त्यावरून आमच्या खळ्यात यायला चिऱ्यांचा एक उंचवटा आहे. तिथे गाडीचं पोट टेकलं. पुढेही जाईना, मागेही येईना. मसाला कांडायला जमलेल्या आम्ही सहाजणी धावलो. होडी ओढताना खाली घालायच्या फळ्या घरात होत्याच. त्या चाकांखाली सरकवल्या आणि हळूहळू गाडी आत घेतली. ती मुलगी हसत म्हणाली, "काकू, ही गाडी दोनशेच्या वेगाने पळते, पण तुमच्या अंगणात यायला तिला सहा बायका लागल्या."

दुसऱ्या दिवशी गुरुवार. घरात मासे नव्हते. घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ खाऊन ती म्हणाली, "मला समुद्राकाठच्या रस्त्याने कुणकेश्वर, देवगडपर्यंत जायचंय. तुम्ही रस्ता दाखवायला येता का?" मी आधी नाही म्हणणार होते. पण माझं माहेर मिठबावजवळचं, त्याच रस्त्यावर. सासूबाई म्हणाल्या, "जा गो. आवशीक भेटान ये."

मैत्रिणींनो, त्या रस्त्याने मी पंचवीस वर्षं जाते आहे. एसटीने, रिक्षाने, टेम्पोत मालाच्या पोत्यांवर बसून. पण पुढच्या सीटवर बसून, समोरची काच भरून तो रस्ता मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला.

मालवणची बाजारपेठ मागे टाकली आणि कोळंबच्या पुलावर आलो. खाली खाडी, कडेला होड्या, पाण्यात उभी कांदळवनं. पुढे ओझर, हडी, मग कालावलची खाडी. माडांच्या मधून पाणी दिसतं, लपतं, पुन्हा दिसतं. आचऱ्याच्या तिठ्यावर चहा घेतला. ती विचारत होती, मी सांगत होते. आचऱ्याचं रामेश्वराचं देऊळ. इथली गावपळण, म्हणजे सगळा गाव गुराढोरांसकट घरं सोडून वेशीबाहेर राहायला जातो ती. आचरा सोडलं की देवगड तालुका, म्हणजे हापूसच्या बागा. सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं, की मला किती ठाऊक आहे! पण कुणी विचारलंच नव्हतं.

त्या मुलीचं गाडी चालवणं मी बघत होते. दोनशेची गाडी, पण ती चाळिसाच्या वर क्वचितच गेली. आंधळ्या वळणावर हॉर्न. रस्त्यात गुरं बसलेली, तर गाडी थांबवून वाट बघणं. अरुंद चढावर समोरून खालून गाडी आली, की हिची गाडी बाजूला. मी विचारलं, "आपण का थांबायचं?" म्हणाली, "चढ चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमच आहे काकू. चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलणं कठीण." पुढे एक किनारा दिसल्यावर मात्र तिला मोह झाला. "वाळूत घालू का गाडी?" मी म्हटलं, "अजिबात नाही. एक तर चाकं रुततील आणि भरती आली तर गाडी समुद्राची. आणि दुसरं, थंडीच्या दिवसांत आमच्या किनाऱ्यांवर कासवं अंडी घालून जातात. वाळूखाली काय आहे ते वरून कळत नाही." तिने लगेच ऐकलं.

वाटेत तिने मला एक गोष्ट सांगितली. ती तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. जर्मनीत कार्ल बेंझ नावाचे गृहस्थ होते. १८८६ साली त्यांनी इंजिनावर चालणाऱ्या तीन चाकी गाडीचं पेटंट घेतलं. पण लोकांचा विश्वास बसेना. घोड्याशिवाय गाडी कुठे लांब जाते का? तेव्हा त्यांची बायको बर्था हिने काय केलं? १८८८ सालच्या ऑगस्टमध्ये एका सकाळी, नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन ती गाडी बाहेर काढली आणि निघाली. कुठे? माहेरी! आईला भेटायला. मानहाइमहून फोर्झहाइमला, शंभराहून जास्त किलोमीटर.

वाटेत पेट्रोल पंप नव्हते, कारण तेव्हा पंप हा प्रकारच नव्हता. तिने औषधाच्या दुकानातून डाग काढायचं रसायन विकत घेतलं आणि ते इंधन म्हणून घातलं. नळीत कचरा अडकला, तो टोपीच्या पिनेने काढला. एक तार उघडी पडली, तिला मोजे बांधायचा पट्टा गुंडाळला. ब्रेक झिजले, त्यांना चामडं बसवून घेतलं. मोठ्या चढावर मुलांनी गाडी ढकलली. संध्याकाळी माहेरी पोहोचल्यावर तिने नवऱ्याला तार केली, की पोहोचलो. जगात मोटारीने लांबचा प्रवास पहिल्यांदा केला तो एका बाईने, आणि तोही माहेरच्या ओढीने. हे ऐकून मी गप्पच झाले.

आमच्या वाडीत पोहोचलो. आई बाहेर आली, गाडीभोवती फिरली आणि म्हणाली, "ही गाडी अर्धीच बनवल्यानी काय गो?" आम्ही दोघी पोट धरून हसलो. आईने शहाळी दिली. पुढे कुणकेश्वराचं दर्शन घेतलं. मिठमुंबरीच्या पुलावरून तारामुंबरीला उतरलो आणि देवगडच्या पवनचक्क्यांपाशी जाऊन उभ्या राहिलो. एवढा मोठा समुद्र, आणि वाऱ्याने बोलणंही ऐकू येत नव्हतं. तिथे तिने विचारलं, "काकू, तुमच्या अंगणात व्हॅन आहे ना? तुम्ही चालवता?"

मी म्हटलं, "नाही. ते चालवतात."

एवढंच म्हटलं. पण परतीच्या वाटेवर मला ती रात्र आठवत राहिली. आज पहिल्यांदाच सगळ्यांसमोर बोलते आहे.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. हे ट्रॉलरवर होते, समुद्रात. मुलगा शिकायला कोल्हापूरला. पहाटे तीनच्या सुमाराला सासूबाईंनी हाक मारली. मामंजींचं तोंड वाकडं झालं होतं, उजवा हात उचलेना, शब्द फुटेना. व्हॅन अंगणात उभी होती. चावी खुंटीला लटकत होती. टाकीत पेट्रोल होतं. आणि आम्ही दोन बायका त्या गाडीभोवती फिरत होतो. शेजारचा रिक्षावाला कुडाळ स्टेशनला भाडं घेऊन गेलेला. १०८ ला फोन करायचं त्या घाईत सुचलंच नाही, ती चूक आमचीच. शेवटी दीर पलीकडच्या गावाहून आले, तेव्हा दीड तास उलटून गेला होता.

मामंजी वाचले. दोन वर्षं जगले. पण त्यांचा उजवा हात गेला तो गेलाच. आयुष्यभर जाळी विणणारा हात होता तो. डॉक्टर म्हणाले, पक्षाघातात एकेक मिनिट मोलाचं असतं. दीड तास म्हणजे किती मिनिटं, हे मी पुष्कळ वेळा मोजलं आहे.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर गाडी बंद असताना त्या मुलीने मला चालकाच्या जागेवर बसवलं. "लायसन्स नाही, म्हणून चालवायला देणार नाही," असं स्पष्ट म्हणाली. मला ते आवडलं. क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर कुठे ते दाखवलं. मी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि नुसती बसून राहिले.

आठवडाभराने ह्यांना सांगितलं, मला गाडी शिकायची आहे. "या वयात? आणि ठोकलंस तर?" मी काही बोलायच्या आधी सासूबाई आतून म्हणाल्या, "शिकांदे तिका. त्या रात्री मी पण थंयच होतंय." मग घरात कुणी काही बोललं नाही.

आता कामाचं सांगते, नीट ऐका. गाडीचं लायसन्स काढायला अठरा वर्षं पूर्ण हवीत. शाळा किती शिकलात याची अट नाही. आधी शिकाऊ लायसन्स निघतं. त्यासाठी रस्त्याच्या खुणा आणि नियम यांची छोटी परीक्षा असते. आधार कार्डाच्या आधारे अर्ज आणि ही परीक्षा घरबसल्या ऑनलाइनही करता येते. चाळिशी उलटलेली असेल तर डॉक्टरांचा दाखला लागतो. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं. तेवढ्या काळात गाडीला पुढे-मागे लाल रंगातलं 'एल' अक्षर लावायचं आणि शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस बसलाच पाहिजे. तीस दिवस झाले की पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. आपल्या जिल्ह्याचं परिवहन कार्यालय ओरोसला, सिंधुदुर्गनगरीत आहे.

मी पहिल्या वेळी नापास झाले. चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलायची होती, ती मागे घरंगळली. नापास झालं तर सात दिवसांनी पुन्हा परीक्षा देता येते. लाज वाटली, पण पुन्हा गेले आणि पास झाले. सत्तेचाळिसाव्या वर्षी.

आणखी एक, बचतगटांच्या फायद्याचं. आपला माल न्यायला दर वेळी टेम्पो भाड्याने घ्यावा लागतो आणि नफा भाड्यात जातो. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल दिला आहे, की हलक्या मोटारीचं साधं लायसन्स असलेली व्यक्ती साडेसात हजार किलोपर्यंतचं हलकं मालवाहू वाहनही चालवू शकते. म्हणजे गटाने उद्या छोटा टेम्पो घेतला, तर तुमच्यातलीच एक तो चालवू शकते. गाडीचा विमा आणि कागद मात्र चोख हवेत.

आपल्याच महाराष्ट्रात, साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी आयुष्यभर रेल्वे चालवली. १३ मार्च २०२३ रोजी त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत नेली. रेल्वे चालवणारी बाई आपल्यातली, आणि अंगणातली व्हॅन आपल्याला जड वाटते?

मैत्रिणींनो, मी काही तुम्हाला लाल गाडी घ्या म्हणत नाही. खाऱ्या वाऱ्यात ती लवकर गंजेल आणि पाणंदीत अडकेल. प्रत्येकीने शिकलंच पाहिजे, असंही नाही. पण पुढच्या बैठकीत एक काम करा. वहीत दोन रकाने आखा. कुणाकुणाच्या घरी गाडी किंवा स्कूटर आहे, ते पहिल्यात लिहा. त्या घरातल्या किती बायकांकडे लायसन्स आहे, ते दुसऱ्यात. आमच्या गटात पहिल्या रकान्यात सात नावं आली. दुसऱ्यात एक, आणि ते माझंच. आता आणखी तिघी शिकताहेत. आणि वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत १०८ लिहून ठेवा. ही रुग्णवाहिका मोफत आहे आणि रात्री-अपरात्रीही मिळते. गाडी येत असली तरी आधी तो फोन करायचा.

गेल्या महिन्यात मी एकटी माहेरी गेले, आमच्या जुन्या व्हॅनमधून. कोळंबच्या पुलावर मागून गाड्या हॉर्न वाजवत होत्या. मी घाई केली नाही. आई अंगणात उभी होती. तिने गाडीच्या आत डोकावून बघितलं आणि विचारलं, "आज कोण इला गो सोडूक?"

मी म्हटलं, "कोण नाय. मीच इलंय."