सल्ला आणि समुपदेशन



'समुपदेशन' हा शब्द ऐकला की कोणाला कोर्ट आठवते, तर कोणाला वेड्यांचे इस्पितळ. आमच्या तरुणपणी हा शब्द बोलण्यात नव्हता. सल्ला मात्र घरोघर मुबलक होता. या दोहोंत फरक काय, एवढेच आज सांगायचे आहे. तो आम्हांला उशिरा कळला, म्हणून थोडी कबुलीही द्यावी लागेल.

काही वर्षांपूर्वी आमचे एक स्नेही संध्याकाळी घरी आले. पत्नीला जाऊन तीन महिने झाले होते. मुलगा आणि सून एकाच घरात, पण जेवताना कोणी कोणाशी बोलत नसे. ते म्हणाले, "अहो, रात्री झोपच लागत नाही." झाले! आम्ही तासभर बोललो. पहाटे फिरायला जा, वाचन ठेवा, सुनेला समजून घ्या, ईश्वरेच्छेपुढे इलाज नाही. त्यांनी चहा घेतला, आभार मानले आणि ते गेले. वर्षभराने, मन सावरल्यावर, ते म्हणाले, "त्या दिवशी जगणे नकोसे झाले होते. तेवढेच सांगायला आलो होतो. तुम्ही बोलू दिले नाहीत." त्यांच्या अनुमतीनेच हे सांगत आहोत. त्यांना सावरले ते एका समुपदेशक बाईंनी, आम्ही नव्हे.

त्या बाईंनी काय केले? प्रथम ऐकले. मग सरळ विचारले, "मरणाचे विचार येतात का?" असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरेल, अशी भीती आपणांस वाटते. ती खरी नाही. उलट, ज्याच्या मनात ते आधीच घोळत असते, त्याला कोणी तरी विचारले म्हणून सुटल्यासारखे होते.

मग त्यांनी विचारांची गाठ सोडवायला घेतली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास जी उपचारपद्धती मांडली, तिचे सार असे, की घटना आणि भावना यांच्यामध्ये आपली समजूत उभी असते. आमच्या स्नेह्यांची समजूत होती, 'मी हिला वेळेवर डॉक्टरकडे नेले नाही, म्हणून मी अपराधी. मला जगण्याचा अधिकार नाही.' पत्नी गेली ही घटना. तिचे दुःख होणारच, आणि ते व्हावेच. परंतु आजाराची कल्पना घरात कोणालाच नव्हती. मग हा अपराध आला कोठून? दुःख राहू द्यावे, आत्मनिंदा सोडावी, एवढा विवेक साधायला त्यांना कित्येक बैठका लागल्या.

एके दिवशी बाईंनी मुलालाही बोलावले. तो म्हणाला, "आईचे नाव काढले तर बाबा खचतील, म्हणून मी गप्प राहतो." आणि बाबांना वाटत होते, मुलगा आईला विसरला! दोघेही मायेपोटीच मुके झाले होते. आपल्यापैकी किती घरांत असे मौन नांदत असेल, याचा ज्याने त्याने विचार करावा.

समुपदेशन म्हणजे काहीही करून संसार टिकवणे, असे मात्र कोणी समजू नये. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने न्यायालयावर तडजोडीच्या प्रयत्नाची जबाबदारी टाकली आणि समुपदेशकांची सोय केली, हे चांगलेच झाले. पण जेथे मारहाण आहे, तेथे मुलीला "सांभाळून घे" म्हणणे हा सल्लाही नव्हे आणि समुपदेशनही नव्हे. तो अन्याय आहे. अशा स्त्रीला संरक्षण देण्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे. तिला तो दाखवून द्यावा.

तसेच, आठवडेच्या आठवडे झोप-भूक हरपली, नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, तर नुसत्या बोलण्यावर विसंबू नये; मनोविकारतज्ज्ञांकडे जावे. त्यात लाज कसली? मानसिक आरोग्यसेवेच्या २०१७ च्या कायद्याने उपचार हा हक्क मानला आहे, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस गुन्हेगार नसून तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरले आहे. सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस आणि विनामूल्य आहे. तो घरातल्या भिंतीवर लिहून ठेवावा. गॅसवाल्याचा आपण ठेवतोच की!

शेवटी एवढेच, की आपण सगळे काही समुपदेशक होणार नाही, आणि होण्याची गरजही नाही. परंतु कोणी म्हणाले, "झोप लागत नाही," तर खुर्ची पुढे ओढावी, "काय होतंय?" एवढे विचारावे आणि मग गप्प बसावे. जड वाटले तर जाणत्या माणसाकडे आपण स्वतः सोबत जावे. आम्हांला ते त्या संध्याकाळी जमले नाही, आणि स्नेही वाचले ते आमच्यामुळे नव्हे, ही बोच आजही आहे.

आज आपण आमचे इतक्या शांतपणे ऐकून घेतलेत. तेवढ्याच शांतपणे घरच्यांचेही ऐकावे, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.